तळाची निळी भुकटी

साउथहॅम्प्टनच्या त्या लॅबमध्ये सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत, लॅबच्या प्रमुखांनासुद्धा. फक्त मी त्यांना ‘सर’ म्हणायचे, कारण ते पुण्याचे आणि मीही पुण्याची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘‘ह्या लोकांचं सोड गं, आपल्यात ते बरं दिसत नाही.’’ एखाद्या गोऱ्या विद्यार्थ्याने चूक दाखवली की सर हसून ‘गुड पॉइंट’ म्हणत. मी दाखवली की माझ्या आईवडिलांनी मला काय वळण लावलं, हा विषय निघायचा.

सरांचा सगळा डोलारा झिंक ऑक्साइडच्या भुकटीवर उभा होता. बाळाच्या अंगावर पुरळ उठलं की लावतात त्या मलमात असतं तेच हे, फक्त कण डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतके बारीक. निळा रंग कालवलेल्या पाण्यात ही भुकटी घालायची आणि वर अतिनील दिवा लावायचा. प्रकाश पडला की कण रंगाचे रेणू तोडतात आणि पाणी स्वच्छ होतं. यात खोटं काही नाही. जगभर लोकांनी हे नीट करून दाखवलंय. सरांना मात्र नीट करायचं नव्हतं, दाखवायचं होतं. स्लाऊहून कुठल्याशा कंपनीचे लोक आले की ते नितळ पाण्याचा बीकर उंच धरून नद्यांबद्दल, गिरण्यांच्या सांडपाण्याबद्दल आणि फुकटच्या सूर्यप्रकाशाबद्दल बोलत. नोव्हेंबरात, बाहेर दुपारीच दिवे लागलेले असताना, इंग्लंडमध्ये फुकटच्या सूर्यप्रकाशाबद्दल बोलायचं म्हणजे कातडी जाड लागते. सरांची होती.

या कामातली पहिली गोष्ट शाळेतल्या पोरालाही सुचेल. तोच रंग, तीच भुकटी, पण एक बीकर अंधारात ठेवायचा. तिथेही पाणी नितळलं, तर ती करामत प्रकाशाची नाही. हे आमच्याकडे कुणी केलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, ‘‘अगं, आपला टॉपिकच लाइट आहे. डार्कमध्ये काय बघणार तू?’’ वर स्वतःच्याच विनोदावर हसले.

मी बीकरला घरी पोळ्यांना गुंडाळतात तसा ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला. उघडला तेव्हा पाणी स्वच्छ होतं. तळाशी बसलेली भुकटी मात्र, जी मी पांढरीशुभ्र घातली होती, ती कपड्यांना घालायच्या निळीसारखी झाली होती. मग सरांच्या दिव्याखालचा बीकर पाहिला. तिथेही तेच. रंग तुटला नव्हता, नुसता भुकटीला जाऊन चिकटला होता. आमचं यंत्र फक्त वरच्या पाण्याचा रंग मोजायचं आणि पाहुणे फक्त वरचं पाणी बघायचे.

झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं. मी दिव्याखालच्या त्या बीकरमध्ये थोडं पातळ आम्ल सोडलं. भुकटी विरघळली आणि सगळं पाणी पुन्हा निळं झालं. मला भयंकर आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तो बीकर तसाच घेऊन मी सरांच्या खोलीत गेले आणि काय केलं ते सांगून टेबलावर ठेवला.

‘‘नदीत ॲसिड कोण टाकणार आहे?’’ सर म्हणाले.

‘‘प्रश्न नदीचा नाही, सर. लाइटने काहीच होत नाहीये.’’

‘‘पेपर रेडी आहे. फर्स्ट ऑथर तू आहेस. तुझं कॉन्ट्रॅक्ट समरला संपतंय, त्यावरच तुझा व्हिसा आहे. पेपर नसेल तर पुढे कोण घेणार तुला? जरा डोकं वापर.’’

हे मात्र त्यांचं खरं होतं. पेपर नाही तर संशोधनातली पुढची नोकरी नाही, आणि त्याशिवाय दुसरं काही करायचं मी शाळेपासून कधी मनात आणलं नव्हतं. तरी मी म्हणाले, ‘‘मग माझं नाव काढा, सर.’’

त्यांच्या घरी जेवायला बसून मी भरलं ताट बाजूला सारावं, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुझ्यात टीम स्पिरिटच नाही.’’ नाव निघालं. निरोपाच्या दिवशी सर्वांसमोर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून ‘आमची पुण्याची मुलगी’ म्हणून कौतुकही केलं. निर्लज्जपणाला सुद्धा एक सराव लागतो.

मी रीडिंग शहरात एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागले. लॅब पुन्हा मिळाली नाही. पेपर छापून आला तो मी तिथेच, जेवणाच्या सुट्टीत, कॉम्प्युटरवर पाहिला. तोपर्यंत मी सरांना, मी काय दाखवलं ते कळलंच नाही म्हणून, मूर्ख समजत होते, आणि मूर्ख माणसावर राग तरी किती दिवस धरायचा?

पेपरात दोन बीकरचे फोटो होते, आधीचा आणि नंतरचा. निळ्या पाण्याचा बीकर बुडासकट दाखवला होता. नितळ पाण्याचा फोटो तळापासून बोटभर वर कापलेला होता.

म्हणजे सरांनी तळ पाहिला होता.