पडीक माळावरच्या बाई

आमच्या बाई कंधारच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि सुट्टी लागली की आमच्या गावच्या माळावर पाखरं बघत हिंडायच्या. बाईमाणूस एकटी, गळ्यात दुर्बीण, हातात वही. त्या काळी आमच्या भागात असलं वेड दुसऱ्या कुणाला नव्हतंच. गाव हसायचं. मी त्यांची विद्यार्थिनी, मीही हसले, खोटं कशाला बोलू?

पुढं मी सरपंच झाले. कागदोपत्री माळ 'पडीक', म्हणून तिथं झाडं लावायचा ठराव मीच आणला. खड्ड्यांसाठी यंत्रही सांगून ठेवलं. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बाई दारात हजर. केस पांढरे, आवाज तोच.

"चल माळावर."

"बाई, आम्ही झाडं लावून राहिलो, तोडून नाही," मी फणकारले. पण गेले. माळावर चार पावलं टाकली नाहीत तोच त्यांनी दंड धरून मला मागं ओढलं. पायापुढं खड्यांमध्ये खड्यांसारखीच टिटवीची अंडी. वर आईबाप नुसते ओरडत होते. ही पाखरं उघड्या माळावरच अंडी घालतात, झाडी झाली की माळ सोडतात, असं बाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मीच माझा ठराव मागं घेते म्हटल्यावर लोक बिथरले. "पाखरापायी सरकारातनं मंजूर झालेली झाडं सोडायची व्हय?" बाईंनी आयुष्यभराची चित्रं सतरंजीवर मांडली. एक म्हातारा मेंढपाळ वाकून बघायला लागला. "ही तर पळपुटी हाय. उडायचं सोडून पळत सुटती." चित्राखाली बाईंनी तेच नाव लिहिलेलं. त्यानंच कधीतरी बाईंना सांगितलेलं, आणि स्वतः विसरलेला. मग काय, सगळा गाव सतरंजीभोवती. लावा, तितर, चंडोल, ज्याला त्याला आपलं पाखरू सापडायला लागलं. झाडं ओढ्याकाठी लावायची ठरली.

ग्रामसेवकांनी पेन उचललं. "पडीक खोडतो. पण त्या जागी लिहू काय?"

"गावठाण लिहा," बाई म्हणाल्या. "राहतात की तिथं."

सभा खदखदून हसली. मग हात वर झाले, एकूण एक. सातबाऱ्याचं तलाठी जाणे, ठरावाच्या वहीत मात्र 'पाखरांचं गावठाण' लिहिलंय आणि खाली सही माझी आहे.