हमटा खिंडीत ताईला लागलेलं ऊन

हिमालयात जायचं ठरलं ते आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे, आणि ठरवलं ताईने. मला फक्त कळवण्यात आलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचं कारंजा (घाडगे) नागपूर-अमरावती रस्त्यावर, त्यामुळे देशभरचे ट्रक दारावरून जायचे. कुल्लूकडचा एक ट्रकवाला नागपूरला सफरचंदं उतरवायचा आणि परत जाताना आमच्याकडची संत्री भरून न्यायचा. बिडी-साबण घ्यायला थांबला की ताईशी गप्पा. एकदा त्याने खिशातून एक फोटो काढला. त्याच्या चुलतभावाने मनालीत लोकांना डोंगरात फिरवायची कंपनी काढली होती, तिचा. फोटोत बर्फ, दोन तंबू आणि गॉगल लावलेला एक माणूस. ताईने फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग साखर मोजता मोजता म्हणाली, "पद्म्या, जूनमंदी सुट्टी टाक. आपन इथं जाऊन राह्यलो."

मी वर्ध्याला बँकेत कारकून होतो. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. बाबा गेले तेव्हापासून दुकान तीच बघायची. मला शिकवलं, धाकटीचं लग्न लावून दिलं, स्वतःचं राहूनच गेलं. चाळिशी उलटून गेली तरी नागपूरच्या पलीकडे ती गेलेली नव्हती. प्रत्येक वेळी कुठे जायचं निघालं की कोणाचं तरी दुखणं, कोणाची परीक्षा, कोणाचं बाळंतपण आडवं यायचं आणि ताईची पिशवी पुन्हा खुंटीवर जायची. त्यामुळे ती "जाऊन राह्यलो" म्हणाली तेव्हा मी मुकाट्याने हो म्हटलं.

तयारीबद्दल लोक मला नेहमी विचारतात. आमची तयारी अशी : नागपूरला सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेले जुने लष्करी बूट, दोन घोंगड्या, ताईने स्वतः विणलेले स्वेटर आणि खाण्याची एवढी मोठी पिशवी की आगगाडीत तिला वेगळी जागा लागली. तिखट पुऱ्या, चिवडा, लसणाची चटणी आणि कांदे. जून होता, आमच्याकडे अजून पाऊस नव्हता, आणि उन्हाळ्यात खिशात कांदा टाकल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही हा आमच्याकडचा शिरस्ता. लू लागू नये म्हणून. हिमालयात लू कुठली, असं मी विचारलं तर म्हणाली, "दिल्लीवरून जाचं हाय नाई का?" बरोबरच होतं. दिल्लीच्या बस अड्ड्यावर आम्ही अक्षरशः भाजून निघालो.

तिथून मनालीची रात्रभराची बस. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी मंडी गावाच्या पुढे खिडकीची जागा सोडू नये, एवढंच सांगतो. उजाडल्यावर शेजारून बियास नदी वाहताना दिसली. ताईने खिडकीतून हात बाहेर काढला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "पंख्यावाचून हवा," ती म्हणाली.

कंपनी म्हणजे बाजारामागची एक खोली. भिंतीवर दोर टांगलेले, कोपऱ्यात स्टोव्ह. आमचा वाटाड्या टशी. लाहौलचा, तिशीतला, बोलायला कमी आणि हसायला जास्त. त्याने वाट समजावली : मनालीजवळून चढायचं, देवदाराच्या रानातून हमटा गाव, मग चिका, मग बालू का घेरा नावाचं गवताळ मैदान, तिथून हमटा खिंड ओलांडून पलीकडे लाहौलमध्ये छत्रूला उतरायचं आणि रोहतांगवरून बसने गोल फिरून परत मनाली. सामान वाहायला दोन गडी, जेवण त्यांचंच. सगळा खर्च माझ्या एका पगारात बसला. आजचे भाव तुम्ही बघून घ्या, ते ऐकून माझाच श्वास लागतो.

मग टशीने ताईच्या साडीकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत ताईने साडी चार बोटं वर उचलली. आत माझी पँट होती. मला त्याच क्षणी कळलं की ती पँट मी दोन दिवस का शोधत होतो.

पहिले दोन दिवस निव्वळ मजेचे. देवदारांखालून वाट, पाण्याचे ओहळ, मेंढ्यांचे कळप घेऊन वर चाललेले गद्दी लोक. ताई प्रत्येकाशी आपल्या नागपुरी हिंदीत बोलायची. "भैया, एक मेंढी दिनभर में कित्ता खाती?" असं विचारून तिने एका गद्द्याला पार गोंधळात पाडलं. चिकाला नदीकाठी तंबू लागले. रात्री राजमा-भात आणि आमची लसणाची चटणी. टशीने ती चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने पुन्हा मागितली. नदीचा आवाज एवढा होता की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. इतकं छान मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे.

तिसऱ्या दिवशी बालू का घेराला पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. आजूबाजूच्या बर्फावरून परतून ते तोंडावर येतं, त्यामुळे टोपी आणि काळा चष्मा विसरू नका. ताईने पदर मागे टाकलेला, चष्मा नव्हताच. पोचल्या पोचल्या ती तंबूत आडवी झाली. डोकं ठणकतंय, मळमळतंय, जेवण नको. मी घाबरलो. ती मात्र निवांत होती, कारण तिला रोग ओळखीचा होता.

"ऊन लागलं मले," ती म्हणाली. "कांदा काढ."

आणि मी काढला! आमच्याकडचा कोणीही माणूस हेच करेल. डोकं, मळमळ, ग्लानी : दर मे महिन्यात घरोघरी हेच बघत आम्ही मोठे झालो. मी दगडावर कांदा ठेचला, रस तिच्या तळपायांना चोळला, ओढ्याच्या बर्फगार पाण्यात फडकं भिजवून कपाळावर ठेवलं. चौदा हजार फुटांच्या खिंडीच्या पायथ्याशी मी थंडीत कुडकुडणाऱ्या बाईला आणखी गार करत बसलो होतो. तिचे दात वाजायला लागले तेव्हा मी म्हटलं, बघ, ऊन उतरतंय.

टशी चहा घेऊन आला आणि तंबूच्या तोंडाशीच थबकला. आत कांद्याचा तो वास! त्याने ताईचे पाय पाहिले, फडकं पाहिलं. "ये क्या है?"

"मेरेकू धूप लगी," ताई म्हणाली.

तो हसला नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच हसला नाही. त्याने फडकं काढून फेकलं, आमच्या दोन्ही घोंगड्या तिच्यावर टाकल्या. "दीदी, ये धूप नहीं, ऊँचाई है. नीचे जाना है. अभी."

ताई उठून बसली. डोकं दोन्ही हातांत धरलेलं, पण आवाज दुकानातला. "मी नाई जात."

टशी मला म्हणाला, तू हवं तर एका गड्याबरोबर खिंड ओलांड, दीदीला मी खाली नेतो. मी लगेच म्हणालो, ताईशिवाय मी पुढे जाणार नाही. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती कडाडली.

"माह्यासाठी थांबू नोको! कोनासाठी थांबनं काय असते, मले पुसजो. मंग जिंदगीभर सलत राह्यते ते." मग ती रडायलाच लागली. "लय वर्षांनी निघाली रे मी घरून. अन् आता इथूनबी वापस?"

ताईला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. बाबा गेले तेव्हाही ती तेराव्याच्या जेवणाचं सामान बघत होती. मी तिचे बूट घेतले आणि कांद्याने चिकट झालेल्या पायांत घालायला लागलो. घालता घालता म्हणालो, "ताई, वापस नाई जाऊन राह्यलो. खाली जाऊन राह्यलो." तिने मला ढकललं नाही.

संध्याकाळच्या आत आम्ही चिकाला होतो. अर्ध्या वाटेतच तिने पाणी मागितलं, पोचल्यावर खिचडी मागितली. खाली आल्यावर दुखणं इतक्या लवकर पळतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. जाणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका : वर डोकं धरलं तर औषध एकच, उतरणं. कांदा भजीत घाला.

दुसरा दिवस चिकालाच काढला. टशीने सरळ सांगितलं, शिधा एकाच चढाईपुरता उरला आहे. पुन्हा वर जाऊ, पण या वेळी दुखलं तर थेट मनाली, आणि वाद घालायचा नाही. ताईने मान हलवली. दिवसभर ती पाणी पीत होती, टशी सांगेल तेवढं खात होती. शाळेतल्या पोरीसारखी आज्ञाधारक ताई मला सोसवेना.

पुन्हा बालू का घेरा. मी सारखा तिच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी ती वैतागली, "पाहून काय राह्यला? मी काय दूध हाय का उतू जाले?"

सकाळी निघण्याआधी टशी तिच्यासमोर उकिडवा बसला. "दीदी, सर में दर्द?"

तिने "नहीं" म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? ताई म्हणाली, "है. थोडासा. उस दिन जैसा नहीं."

टशीने गवतावर दोर सरळ अंथरला आणि टाचेला अंगठा लावत त्यावरून चालायला सांगितलं. ज्याला उंची बाधते त्याचा तोल जातो म्हणे. ताईने पदर खोचला आणि निघाली. बूट माझ्या मापाचे, पँट माझी, वर हिरवी सुती साडी. हमाल हातातलं काम सोडून बघत होते. दोराचं टोक आलं तेव्हा तिने मागे वळून विचारलं, "और चलूँ?"

"अब ऊपर चलो," टशी म्हणाला. आणि हसला.

खिंडीची चढण मला अर्धवटच आठवते. बर्फात टशी पायऱ्या खोदत पुढे, त्याच्या पावलात ताईचं पाऊल, तिच्या पावलात माझं. चार पावलं टाकायची, थांबायचं. मीच मागे पडायला लागलो. मान वर केली तेव्हा ताई दगडांच्या राशीजवळ, फडफडणाऱ्या पताकांखाली उभी होती. मागे हिरवं कुल्लू, पुढे लाहौलचे उघडे, तांबूस-करडे डोंगर. एक झाड नाही. वारा असा की कानशिलं बधिर. मी धापा टाकत पोचलो. मला वाटलं, ती हात जोडेल किंवा रडेल. तिने चारी बाजूंना नीट पाहिलं आणि समाधानाने म्हणाली, "पद्म्या, इथून दुकान नाई दिसत."

उतरण घसरगुंडीची. ताई साडी गोळा करून बर्फावरून बसूनच घसरली, माझी पँट कामी आली. छत्रूला पत्र्याच्या ढाब्यात चहा मिळाला. हायवेवरची बाई ती, तिने ढाबेवाल्याला आधी जळण कुठून आणतो ते विचारलं, मग चहात साखर जास्त आहे ते सांगितलं. रोहतांगची बस दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंतींमधून रडतखडत निघाली. आता बोगदा झालाय, तुम्ही भुर्रकन जाल, पण एकदा तरी वरच्या रस्त्याने जा.

कारंज्याला यष्टीतून उतरलो तेव्हा तिथे पाऊस येऊन गेला होता. आमची नाकं सोललेली, चेहरे तव्यासारखे काळे. बातमी आमच्याआधी पोचलेली, कारण आमच्याकडून कोणी हिमालयात जातं ते बद्री-केदारलाच. समोरच्या यमुनाकाकू ताईच्या पाया पडायला वाकल्या.

"नोको काकू, मोठ्या तुमी!"

"यात्रेवरून आली नं व माय. कोन्त्या देवाचं दर्शन झालं? परसाद आन."

"देव नाई काकू तिथं."

"देऊळ त असन?"

"देऊळबी नाई. बर्फ हाय. वारा हाय."

काकू सरळ झाल्या. दोन-चार बाया जमल्या होत्या, त्याही बघायला लागल्या. मला ताईची काळजी वाटली. काहीतरी सांगून मोकळी हो, असं मी डोळ्यांनी खुणावलं. आमच्या गावात घर सोडून पंधरा-पंधरा दिवस जाणाऱ्या बाईकडे काहीतरी कारण असावंच लागायचं : देव, दवाखाना, नाहीतर कोणाचं बाळंतपण.

"मंग काऊन गेलती व?" काकूंनी विचारलं.

ताईने दुकानाचं कुलूप काढलं, फळी वर केली, आणि वळून अगदी सहज सांगितलं, "मले जाचं होतं."