शेऱ्याच्या रकान्यात न मावलेली माणसं

वृद्धाश्रमांची तपासणी करायला लागून मला चार वर्षं झाली. मी देवासची, रिटायर्ड हेडनर्स. जोडीला सबनीस डॉक्टर, वय बहात्तर, तेही रिटायर्ड. देवास आणि धार जिल्ह्यांत जिथे बोलावतील तिथे जायचं, म्हाताऱ्यांची काळजी नीट घेतात का ते बघायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्मच्या शेवटी शेऱ्यासाठी दोन ओळी. आता तुम्हीच सांगा, दोन ओळींत काय मावणार? उरलेलं सगळं माझ्याकडे साठत जातं!

* * *

देवासचंच एक ठिकाण. जेवण कसं असतं विचारलं की सगळे मॅनेजरकडे बघत म्हणायचे, "बढिया!"

मी मॅनेजरला रजिस्टर आणायला पाठवलं आणि दार लोटलं. "आता खरं सांगा."

फॅक्टरीत जन्म काढलेले एक काका हळूच म्हणाले, "जेवण चांगलं आहे, ताई. पण पोह्यांवर जिरावन मसाला देत नाहीत. डॉक्टरांनी बंद केलाय म्हणे. सगळ्यांचाच!"

"कोणत्या डॉक्टरांनी?" सबनीसांनी विचारलं.

"तेच तर कोणाला माहीत नाही!"

सबनीसांनी शेरा लिहिला, 'पथ्य नाही त्यांना जिरावन द्यावं.' पुढच्या खेपेला टेबलावर डबी होती. काका सबनीसांना म्हणाले, "भिया, आता दहा वर्षं तरी मी कुठे जात नाही!"

* * *

धारला एकदा आम्ही पलंगाजवळची बेल दाबून बघितली. किती वेळात माणूस येतो, हे मोजायचं असतं. सबनीस घड्याळ धरून उभे. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. कोणी नाही.

शेजारच्या पलंगावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, ती बेल दिवाळीपासून बंद आहे." आणि त्यांनी साध्या आवाजात हाक मारली, "रेखाऽ!"

रेखाबाई कणकेच्या हातांनी धावत आली.

आम्ही बेल दुरुस्त करायला लावली. महिन्याभरानं आजींचा फोन, "बेल चालू झाली हो. पण रेखा म्हणते, हाकच मारत जा, बरं वाटतं!"

* * *

कुक्षी गावच्या आश्रमात सबनीस दमून अंगणातल्या बाकावर बसले. एक आजोबा सरकून जवळ आले. "नवीन का?"

डॉक्टर काही बोलायच्या आत ते सुरूच झाले. "खिडकीजवळचा पलंग मागून घ्या. सकाळचा चहा माझ्यासोबत घ्या. आणि पहिले आठ दिवस मुलांचा विषय काढू नका, त्रास होतो. मग होते सवय. मी आहेच."

 सबनीस त्यांचा हात हातात घेऊन थँक्यू म्हणाले. गाडीत बसल्यावर त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, "सिस्टर, नवीन माणसाचं स्वागत कसं होतं, या प्रश्नाला पूर्ण मार्क द्या!"

* * *

खातेगावकडे मात्र हसू आलं नाही. एका आजींना कुशीवर वळवलं, तर माकडहाडापाशी लिंबाएवढी जखम! मी तिथल्या आयाला, ममताला, ओरडलेच. "दर दोन तासांनी कूस बदलायची असते, माहीत नाही?"

ती रडायला लागली. "दीदी, किसी ने बताया ही नहीं।"

फॉर्मवर 'असमाधानकारक' लिहिलं. सबनीसांनी ओळखीच्या सर्जनला फोन लावला. मी पदर खोचला आणि संध्याकाळपर्यंत ममताला शिकवत बसले. कूस कशी वळवायची, उशी कुठे लावायची, जखम कशी जपायची.

तीन महिन्यांनी गेलो, तर जखम भरलेली! भिंतीवर ममतानं स्वतः काढलेलं घड्याळ, कधी डावी कूस, कधी उजवी. मी आजींना विचारलं, "आता बरं आहे ना?"

"कसलं बरं! ही मला तव्यावरच्या पोळीसारखी उलटत असते दिवसभर!" आजी म्हणाल्या. ममताचा हात काही सोडला नाही.

* * *

आणि ही धारची गोष्ट. एक नव्वदीच्या आजी, जुन्या दरबारी घराण्यातल्या. आजारपणात सगळं विसरल्या, हिंदीसुद्धा. राहिली ती फक्त जुन्या वळणाची मराठी. त्यांची आया कमला डही तालुक्यातली, मराठीचा गंध नव्हता. आम्ही खोलीत शिरलो, तर कमला उठून म्हणाली, "आपण बसावं. आईसाहेबांचं स्नान आत्ताच झालं!" सगळं आजींकडून ऐकून ऐकून शिकलेली!

तेवढ्यात इंदूरहून आजींचा नातू आला. त्याला मराठी येत नाही. पाया पडला. आजींनी त्याला निरखलं आणि कमलाला विचारलं, "हे गृहस्थ कोण? यांचं आपल्याकडे काय काम?"

"दादी क्या बोल रही हैं?" नातवानं विचारलं.

"पूछ रही हैं, इतना दुबला क्यों हो गया?" कमला म्हणाली.

सबनीसांनी माझ्याकडे बघितलं. नातू डोळे पुसत हसला. "दादी से बोलो, दो किलो बढ़ा है!"

कमला आजींच्या कानाशी वाकली. "आईसाहेब, ते म्हणतात, आपल्याला बघून फार बरं वाटलं."

"असं का?" आजींनी पदर सारखा केला. "मग उभं का ठेवलंयस त्यांना? बसव इथे, माझ्याजवळ."