चाचांचा इंग्रजी अर्ज

पौडजवळच्या आमच्या शाळेत घंटा म्हणजे खांबाला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाईचाचा डावा तळहात खांबावर टेकवायचे, उजव्या हातानं टोला द्यायचे, आणि हाताला कळलं की मान हलवून म्हणायचे, "वाजली." तरुणपणी खाणीत सुरुंग लावून कान गेलेले. त्यांच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागे.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. मुंबईची एक संस्था कानाचं मशीन फुकट देते, असं कळलं. अर्ज इंग्रजीत हवा होता आणि इंग्रजीचा मास्तर मी. कधी कुणाकडं काही न मागणारे चाचा माझ्याकडं आले.

"गुरुजी, पोरीचा निकाह ठरलाय. तिचा वकील मीच. आत जाऊन तिला इचारायचं, तिचं 'कबूल' आयकायचं, मग भाईर सांगायचं. दुसऱ्याच्या कानानं आयकून कसं सांगू?"

आता आपल्याकडं तोंडावर कुणी बहिरा म्हणत नाही, 'जरा कमी ऐकू येतं' म्हणतात. मी शहाण्यानं तेच इंग्रजीत उतरवलं: स्लाइटली हार्ड ऑफ हियरिंग. महिन्याभरानं उत्तर आलं, थोडं कमी ऐकणाऱ्यांना मशीन मिळत नाही.

मला फार लाज वाटली. पाटीवर सगळं कबूल केलं. चाचांनी वाचलं.

"मला वाईट वाटंल म्हणून असं लिवलं व्हय? आवो, मी बहिरा हाय. बहिराच लिवा."

दुसऱ्या अर्जाला ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. मागून एसटी आली तर कळत नाही. पत्र्यावर पाऊस कोसळला तरी घर गप्पच असतं. बायको जाताना काहीतरी म्हणाली, काय ते ठाऊक नाही. इथं माझं इंग्रजी पार अडखळलं, तसंच पाठवलं.

मशीन मंजूर झालं, पण निकाहाच्या आत आलं नाही. माझ्या भिडेपायी महिना वाया गेला होता. त्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. आत चाचांनी पोरीच्या पाठीवर डावा तळहात ठेवला आणि तीनदा विचारलं. तिन्ही वेळा, घंटेला हलवायचे तशी, मान हलवली. बाहेर येऊन म्हणाले, "कबूल हाय." मला त्यांच्याकडं बघवेना.

मशीन तीन आठवड्यांनी आलं. पोर ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात सासरी गेली होती. ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा चाचांनी मलाही बोलावलं. मशीन कानात घालून तिला शेजारी बसवलं.

"आता म्हण, बाई."

"काय म्हणू, अब्बा?"

"त्या दिशी म्हणलीस त्येच."

ती लाजत म्हणाली. चाचांनी मान हलवली, "पुन्यांदा." तिनं तीनदा म्हटलं. कानात मशीन होतं, तरी त्यांचा डावा तळहात तिच्या पाठीवरच होता.