दोन झेंड्यांच्या मधला नवस

आमच्या तेर गावच्या भजनी मंडळात आम्ही बारा जणी. गावात महिना महिना काही घडत नाही, पण गाडी करून बाहेर पडलो की परतताना प्रसादापेक्षा किस्सेच जास्त होतात! यंदा कोकणात समुद्रावर गेलो ते माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, कमलताईंच्या नवसासाठी. त्यांच्या लेकीच्या घरी नऊ वर्षांनी पाळणा हलला, म्हणून समुद्रात अकरा बुड्या मारायच्या होत्या.

*

उतरल्या उतरल्या वाळूत लाल झेंडा दिसला. मंडळात सगळ्यांत वडील सुमनकाकू. त्यांनी लगेच काठीला हळदीकुंकू लावलं, उदबत्ती खोचली. आम्ही रांगेनं पाया पडलो. तेवढ्यात शिट्टी वाजवत जीवरक्षक आला.

"देवाचा नाही मावशी, धोक्याचा झेंडा आहे! लाटा मोठ्या आहेत, आज पाण्यात जायचं नाही."

काकू म्हणाल्या, "मग बरंच झालं की. धोक्याला बी हात जोडावंच लागत्यात!"

*

बुड्या उद्यावर गेल्या. निदान ओटी तरी भरावी म्हणून काकूंनी कडेला खण-नारळ ठेवला आणि ताट उचलायला वळल्या. मागून लाट आली, काकू खालीच बसल्या! ताट गेलं, एक चप्पल गेली.

जीवरक्षकानं हात धरून उठवलं. "मावशी, समुद्राकडे कधी पाठ करायची नाही."

"खरंय बाबा. देवाला कुणी पाठ दावतं व्हय? माझंच चुकलं!"

आणि काकू तिथून गाडीपर्यंत उलट्या चालत गेल्या.

*

सकाळी लाल झेंडा उतरला होता, त्याऐवजी काठावर लाल-पिवळे दोन झेंडे रोवले होते. जीवरक्षकानं बजावलं, "या दोन झेंड्यांच्या मध्येच, गुडघाभर पाण्यात."

पण तिथं लाटा फुटत होत्या आणि झेंड्यापलीकडं एक पट्टा अगदी गुळगुळीत. कमलताई म्हणाल्या, "आपल्या नदीत, तेरणेत आपण शांत पाणी बघूनच उतरतो की!" आम्ही नारळ सोलतोय तोवर त्या तिकडं उतरल्यासुद्धा.

तिसऱ्या बुडीतून वर आल्या त्या चांगल्या लांब! लाटा तिथं नव्हत्या, कारण त्याच वाटेनं पाणी माघारी आत जात होतं. हे आम्हाला नंतर कळलं.

मी धावले. काकूंनी पदर धरला. "एक गेलीय तेवढी बास! तू हितंच थांब, त्या कुठं हायत ते बोटानं दावत ऱ्हा."

मी ताईंकडं बोट रोखून उभी राहिले. तोंडात देवाचं नाव. जीवरक्षक धरून तरंगायचा फोमचा ठोकळा घेऊन पाण्यात शिरला, ओरडत, "मावशी, किनाऱ्याकडे येऊ नका! ओढीशी झगडू नका! आडव्या जा, आडव्या!"

ताई विहिरीत पोहायला शिकलेल्या. ऐकलं त्यांनी. अंग सोडून तरंगल्या, मग किनाऱ्याला धरून आडव्या सरकल्या. ठोकळा हाती लागला आणि पुढं लाटांनीच दोघांना काठाला आणलं.

ताई वाळूत बसून खोकत होत्या. मी त्यांना मिठी मारून रडत होते. जीवात जीव आल्यावर पहिलं काय बोलाव्यात?

"तीनच झाल्या गं."

जीवरक्षकानं कपाळाला हात लावला. मग उठला, चहाच्या टपरीवरून बादली अन् तांब्या घेऊन आला, काठावरून बादली भरली आणि ताईंच्या डोक्यावर तांब्या धरला.

"डोळे मिटा मावशी. हं... चार!"