कावेरीला न्यायला आलेला माणूस

अधीक्षिकांच्या केबिनमध्ये बसलेला माणूस हसत होता. दारात उभी असलेली कावेरी थरथरत होती.

"काका आलाय ना घ्यायला? मग रडतेस काय?" अधीक्षिका तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, हिची आई सिरियस आहे, जव्हारला अ‍ॅडमिट केलंय. आणि हिचं आपलं नेहमीचंच."

मी समुपदेशक आहे. जव्हार-मोखाड्याच्या निवासी शाळांमधून फिरते. 'नेहमीचं' म्हणजे काय, ते मीच त्यांना समजावलं होतं. मुलं मोठ्यांचे शब्द नंतर ऐकतात. आधी हात, खांदे, भुवया बघतात. त्याला आम्ही देहबोली म्हणतो. ती बरोबर ओळखणारी मुलं हॉस्टेलमध्ये लवकर रुळतात. तिसरीतल्या कावेरीचा तिथेच गोंधळ होता. मी दाखवलेल्या फोटोतला दमलेला चेहराही तिला रागावलेला वाटायचा. बाईंनी फळा पुसायला हात उचलला तरी ती डोकं झाकायची. त्यामुळे तिच्या घाबरण्याकडे हल्ली कोणी फारसं बघत नव्हतं.

पण एरवी घाबरली की ती मान खाली घालायची. आज तिची नजर त्या माणसावरून हलत नव्हती. रानात जनावर समोर आलं की माणूस पाठ फिरवत नाही, तशी.

तिला व्हरांड्यात नेलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसले.

"काका आहे तुझा?"

"गावचा हाय. समदी काका बोलतात."

"मग जायचं ना आईकडे?"

"माना नाय जायाचा." तिने खिडकीकडे बोट केलं. "त्याचा तोंड हसं. हात नाय हसत."

मी खिडकीतून आत पाहिलं. त्याने बाईकची किल्ली मुठीत अशी आवळली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. डोळे सारखे गेटकडे.

पण आई खरंच सिरियस असेल तर? घाबरलेल्या माणसाचीही मूठ अशीच आवळते. मी अडवलं आणि पोरीची आईशी शेवटची भेट चुकली तर?

कावेरीला सोबत घेऊन आत गेले आणि म्हटलं, "घरी एक फोन करते."

"तिकडं नेटवर्क नाय. घरी कोन नाय, समदी दवाखान्यात." आता तो हसत नव्हता.

"मॅडम, उशीर झाला तर जबाबदार कोण?" अधीक्षिकांनी विचारलं.

कावेरीच्या पाड्यावर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंचा नंबर माझ्याकडे होता. लावला. लागेना. पुन्हा लावला. तेवढ्यात तो उठला, त्याने कावेरीचं मनगट धरलं. "चल गं."

मी दारात आडवी उभी राहिले. "फोन लागेपर्यंत नाही."

"बाजूला व्हा, बाई." आवाज अगदी हळू होता. त्याचीच जास्त भीती वाटली.

आणि रिंग वाजली.

"कावेरीची आई? ही काय, खळ्यावर नागलीची कणसं झोडतेय," आशाताई म्हणाल्या. मी स्पीकर लावला. पलीकडून तिच्या आईचाच ओरडण्याचा आवाज आला. "पोर कुठं हाय माजी? मी कोनाला धाडला नाय!"

त्याने मनगट सोडलं आणि मला ढकलून तो बाहेर पळाला. बाईक सुरू झाल्याचा आवाज आला. अधीक्षिका मटकन खुर्चीत बसल्या. कावेरीने माझी ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

माणूस पाड्यावरचाच, त्यामुळे पोलिसांना सापडायला वेळ लागला नाही. लांबच्या वीटभट्ट्यांवर राबायला तो पोरी पोचवायचा. याआधी नेलेल्या एका मुलीचा शोध अजून लागलेला नाही.

आता त्या शाळेत आई-बापाशी बोलल्याशिवाय कुणाच्याही हाती मूल देत नाहीत. आणि मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट सांगते. ऊठसूट घाबरणाऱ्या मुलाची भीतीही दर वेळी नव्याने तपासायची. कंटाळा आला तरी.