सिनेमाचा शेवट बसमध्ये

आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी हॉलमध्ये सिनेमा लावतात. ज्याचा नंबर असेल त्याने आपला आवडता सिनेमा दाखवायचा आणि तो का आवडतो हे आधी सांगायचं. माझा नंबर आला तेव्हा मी लहानपणी पाहिलेला एक पहिलवानाचा सिनेमा जाहीर केला. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक गालात हसले. चांगले सिनेमे जगात आपण एकट्यानेच पाहिलेत अशी त्यांची समजूत आहे, आणि ते हसले की माझं डोकं तापतं.

मी जोरात सांगायला सुरुवात केली. खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेला पहिलवान शेवटी सुटतो, धावतपळत बहिणीच्या लग्नाला पोचतो आणि ज्या पाटलाने त्याला अडकवलं त्यालाच लग्नाच्या पंगतीत पाणी वाढायला लावतो. ‘म्हणून मला हा सिनेमा आवडतो,’ मी म्हटलं.

‘अहो, पण तो पहिलवान मरतो,’ प्राध्यापक म्हणाले.

‘मुळीच नाही. मला सिनेमा तोंडपाठ आहे. पैज लावा!’

पैज लावताना मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरले होते. तो शेवट मी पाहिलेलाच नव्हता. रामटेकच्या पुढे आमचं खेडं. बाबांची तिथे पिठाची चक्की होती. कधीमधी एखाद्या रविवारी ते मला इथे शहरात, सीताबर्डीला, दुपारचा खेळ दाखवायला आणायचे, पण गावची शेवटची बस सहाला सुटायची. साडेपाच झाले की पडद्यावर काहीही चालू असो, बाबा मनगट धरायचे. ‘उठ वं, बस जाईन.’ मग उरलेला सिनेमा ते बसमध्ये सांगायचे. पुढच्या सीटवरची माणसं मागे वळून बसायची. कंडक्टर तिकिटं द्यायची सोडून विचारायचा, ‘मंग काय झालं गा?’ बाबांनी सिनेमा आधीच पाहिलेला असणार, असं मी धरून चालले होते. पुढे फोनवर सगळे सिनेमे मिळायला लागले, पण तोंडपाठ असलेला सिनेमा कोण पुन्हा पाहतं?

त्या संध्याकाळी मी तो पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. पहिलवानाला मांडवाच्या दारात गोळी लागली आणि तो बहिणीच्या मांडीवर मेला.

दिवे लागले. पैजेचं मला काही वाटलं नाही. पण माझे ब्याऐंशी वर्षांचे बाबा पहिल्या रांगेत बसले होते आणि आता सगळ्या हॉलसमोर ते खोटे ठरणार होते. माझी नजर नकळत त्यांच्याकडे गेली.

‘काका, हा शेवट हिला तुम्ही सांगितलात?’ प्राध्यापकांनी ती नजर हेरून विचारलंच.

बाबा खुर्चीला धरून उभे राहिले. ‘हो जी, मीच सांगतला. मी बी पायला नव्हता.’

‘मग असा कसा सांगितलात?’

‘इंटरवलनंतरच समजलं होतं मले, हा मरते. सिनेमावाले इतक्या भल्या माणसाले जगू देत नाही. पोरगी दिवसभर खुश होती. बसमंदी तिले रडवत काहून न्यायचं?’

मग मागून आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या, ‘काका, तुमचा शेवट पूर्ण सांगा ना.’

बाबांनी सांगितला. जन्मभर चक्कीच्या आवाजावर बोललेला माणूस, त्यांना माईक लागत नाही. पहिलवान तुरुंगातून सुटला, बैलगाडीतून निघाला, चाक निखळलं, तो धावत सुटला. अक्षता पडायच्या आत मांडवात शिरला तेव्हा पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. पाटील पाण्याचा जग घेऊन पंगतीत वाकला आणि हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. मी रडत होते आणि ते लपवायची मला अजिबात गरज वाटत नव्हती.

प्राध्यापक चष्मा हातात घेऊन पुढे सरकून बसले होते. ‘आणि काका, पाटलाने सगळ्यांना पाणी वाढलं, मग त्याचं काय झालं? हाकलून दिलं त्याला?’

‘हाकलतात काहून?’ बाबा म्हणाले. ‘जेवाले बसवलं जी त्याले. लग्नातून कोणाले उपाशी धाडतात का?’

टाळ्या पहिल्यांदा प्राध्यापकांनीच वाजवल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन मान ताठ करून सांगितलं, ‘हा माझा आवडता सिनेमा.’